दोनशे बारा नंबरचा शेंदूर

गुरुनाथदादांना खोटं बोलताना मी एकदाच ऐकलं. २०१८च्या मार्चची दोन तारीख, शुक्रवार, दुपार. डब्लिनच्या ब्युमॉन्ट भागातल्या त्यांच्या घराच्या दारापुढे गुडघाभर बर्फ साचला होता, बसगाड्या बंद होत्या आणि आम्ही सगळे तिसऱ्या दिवशी घरात अडकून होतो. फोन स्पीकरवर होता. पलीकडून त्यांच्या हॉस्पिटलातली हुइया इंग्रजीत विचारत होती, "तो लाल रंग... त्याला तू हात लावलेला नाहीस ना, गुरू?"

"नाही नाही," दादा म्हणाले. "अजिबात नाही. सगळं ग्रँड आहे, एकदम ठीक."

त्यांच्यासमोर टेबलावर वर्तमानपत्र पसरलेलं होतं. त्यावर चौदा छोट्या पारदर्शक पिशव्या ओळीनं मांडलेल्या होत्या आणि प्रत्येक पिशवीत लाल झालेला कापसाचा एक बोळा होता.

मी तेव्हा त्यांच्या घरातल्या लहान खोलीत भाड्याने राहत होतो. पुण्याहून सॉफ्टवेअरच्या नोकरीवर आलो, डब्लिनमध्ये जागा मिळेना, तेव्हा वीणावहिनींनी ठेवून घेतलं. त्यामुळे पुढचं सगळं मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

दादा मूळचे अमरावतीचे. इथे हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये बारा वर्षं काम करत होते. रक्त, लघवी, गाठींचे तुकडे. नमुना आला की आधी नंबर, मग वेळ, मग कुठून घेतला. वीणावहिनी औषधांच्या कंपनीत कागदपत्रं तपासायच्या. कुणी निकाल बदलला, तारीख मागची टाकली की ते पकडणं त्यांचं काम. दोघांच्या घरात साखरेच्या डब्यावरसुद्धा उघडल्याची तारीख असायची.

आणि त्या घरात देवघर एक आणि राक्षसांची कपाटं तीन होती. राक्षस हा वहिनींचा शब्द, दादांनी जमवलेल्या मगांसाठी आणि मुखवट्यांसाठी. इथे कपाटाला 'प्रेस' म्हणतात, त्यामुळे दादांच्या आई आल्यावर त्यांना समजावून सांगावं लागलं की त्या प्रेसमध्ये इस्त्रीचे कपडे नाहीत.

२०१४मध्ये कॉर्कला वहिनींचं ट्रेनिंग होतं आणि दादा नुसतेच सोबत गेले होते. पाऊस आला म्हणून ते एका चॅरिटी शॉपमध्ये शिरले. लोक जुन्या वस्तू दान देतात, दुकान त्या विकतं आणि पैसे संस्थेला जातात. तिथे फळीवर एक तपकिरी मग होता. दात विचकलेला चेहरा, मिटलेले डोळे. दादांनी तो उलटा केला. बुडाला अर्धं फाटलेलं लेबल होतं, 'जपान'. पॅसिफिक बेटांवरच्या देवाचा चेहरा, जपानमध्ये घडवलेला, आयर्लंडमध्ये दान आलेला. हे कसं झालं, एवढाच प्रश्न त्यांना पडला आणि तो चार वर्षं पुरला.

उत्तर त्यांनी शोधलं. साठ-सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी अमेरिकेत बांबू, मशाली आणि असे चेहरे लावून बार सजवायची लाट आली होती. त्या सजावटीला टिकी म्हणतात. बेटांवरच्या माणसांशी तिचा संबंध नावापुरता. चेहऱ्यांचे मग, मुखवटे, लाकडी वाडगे, दिवे असं सगळं कारखान्यात व्हायचं, आणि प्रवाशांच्या बॅगांतून, खलाशांच्या पेट्यांतून जगभर पांगलं. दादा दर शनिवारी कुठल्या ना कुठल्या गावी जायचे. दुकानांतल्या बायका त्यांना 'युअर मॅन विथ द टिकीज', म्हणजे 'तो टिकीवाला', म्हणायच्या आणि काही आलं की बाजूला काढून ठेवायच्या.

त्यांनी मला वस्तू ओळखायला शिकवलं. "आधी बूड बघायचं, अभि. चेहरा शेवटी. चेहरा सगळ्यांचाच ओरडत असतो." बुडाचा शिक्का, साच्याची शिवण, वजन. टॉर्च तिरका धरला की छिन्नीची खूण वेगळी दिसते आणि मशीनची वेगळी. मगांवरचा काही रंग भट्टीनंतर लावलेला असतो, ओल्या फडक्यानं निघून जातो, म्हणून तपासल्याशिवाय काही धुवायचं नाही. हा त्यांचा पहिला नियम. प्रत्येक वस्तूला रजिस्टरमध्ये नंबर आणि शेवटच्या रकान्यात 'ओळख'. फेब्रुवारी २०१८पर्यंत दोनशे अकरा ओळखी झाल्या होत्या. सगळ्या खोट्या वस्तूंच्या, आणि सगळ्या खऱ्या.

हुइया त्यांच्या हॉस्पिटलात रक्ताचे नमुने गोळा करायची. न्यूझीलंडची, तिथल्या मूळच्या माओरी लोकांतली; त्यांच्यात टिकी म्हणजे पूर्वजाची आकृती. लॅबच्या खिडकीशी नळ्यांचा ट्रे ठेवताना रोज विचारायची, "कसे आहेत माझे खोटे आजोबा?" दादा म्हणायचे, "मजेत. काल एक नवीन आला, प्लास्टिकचा." दोघं हसायची.

दोनशे बारा नंबर आम्हाला नावन गावच्या चॅरिटी शॉपमध्ये मिळाला. बर्फाच्या वादळाच्या आधीचा शनिवार. गाडी मी चालवत होतो. दुकानातल्या बाईंनी खोक्यातून टॉवेलमध्ये गुंडाळलेलं काही काढलं. हातभर उंचीची लाकडी आकृती, जीभ बाहेर, तीन बोटांचे हात पोटावर. एका डोळ्यात निळसर शिंपला, दुसऱ्याची खाच रिकामी. आणि खांद्यांवर, छातीवर, पाठीवर, कोरीव रेघांच्या आत शेंदरी-लाल, तेलकट थर.

"भाड्याच्या घरातून आलं," बाई म्हणाल्या. "तुमच्याकडचेच डॉक्टर राहायचे तिथे, मागच्या वर्षीपर्यंत."

तुमच्याकडचेच. हा एक शब्द दादांच्या डोक्यात बसला. गाडीत बसल्या बसल्या त्यांनी बोट त्या लालावर टेकवलं, नाकाशी नेलं आणि हसले. "अभि, हा शेंदूर आहे रे. तेलात कालवून लावलाय. कुणा आपल्या माणसानं टुरिस्टांच्या दुकानातली बाहुली घेतली आणि तिला मारुती करून टाकलं!"

मलाही ते पटलं. विदर्भात काय आणि पुण्यात काय, तेलाचा शेंदूर आम्ही लहानपणापासून बघत आलो. तो लाल रंग दुसरा काही असू शकतो हे आमच्या मनातही आलं नाही. रजिस्टरमध्ये त्यांनी लिहिलं, 'पर्यटकांसाठीची वस्तू, १९६०-७०. लाल थर नंतरचा : शेंदूर व तेल. मूळ रूप पाहण्यासाठी काढावा.'

बुधवारी बर्फ सुरू झाला. दुकानांतला ब्रेड संपला, सरकारनं घराबाहेर पडू नका सांगितलं. दादांची ते दोन दिवस ड्युटी नव्हती. गुरुवारी सकाळी त्यांनी सामान मांडलं. कापूस, जरासं स्पिरिट, दातकोरणी. इतकी वर्षं पाळलेला नियम त्यांनी मोडला असं त्यांना वाटतच नव्हतं, कारण त्यांच्या मते तपासणी झालेली होती. सवयीनं मात्र प्रत्येक बोळा वेगळ्या पिशवीत टाकला, वर नंबर लिहिला, आणि आकृतीचं चित्र काढून कुठला बोळा कुठल्या जागेचा ते दाखवलं. कचरा टाकतानासुद्धा ह्या माणसाला नोंद लागते, असं वहिनी म्हणाल्या.

छाती झाली, खांदे झाले, चेहरा झाला. खालून फिकट लाकूड निघत होतं. आकृती पालथी केली तेवढ्यात लीलावतीआजी आत आल्या. दादांच्या आई, डिसेंबरपासून इथे.

"काऊन रे गुरू? देवाच्या अंगचा शेंदूर खरवडून रायला?"

"आई, हा देव नाही. शोपीस आहे."

"शोपीसले कोनी शेंदूर लावते का? ज्यानं लावला त्याच्यासाठी तं देवच होता ना." त्यांनी आकृती सरळ उचलून पदराखाली घेतली. "पाठ तरी राहू दे बाप्पा."

दादा हसले आणि उठले. काम तसंही बरंच झालं होतं.

शुक्रवारी दुपारी त्यांनी पुसण्याआधी काढलेला एक फोटो हुइयाला पाठवला. ती दोन रात्री हॉस्पिटलातच मुक्कामाला होती, तिला हसवावं म्हणून. खाली लिहिलं, 'तुझा हा आजोबा आता हिंदू झालाय.' दोन मिनिटांत तिचा फोन आला. ती हसत नव्हती.

ती म्हणाली, फोटोवरून खात्रीनं सांगता येत नाही. पण छिन्नीची ही पद्धत तिच्या मामाच्या गावाकडची वाटते. असे पूर्वज घराच्या आढ्यावर बसवत. लाल माती शार्कच्या तेलात कालवून त्यांना लावत. "तो रंग जुना असेल तर तो त्याच्या अंगाचा भाग आहे. मामा लाकूड कोरतो, त्याला कळेल. रविवारी सकाळी आठला मी तुझ्याकडे येते, व्हिडिओवर त्याला दाखवू. तोवर हात लावू नकोस."

आणि मग तो प्रश्न, आणि दादांचं ते 'अजिबात नाही'.

दादांनी फोन ठेवला. वहिनी म्हणाल्या, "आत्ता फोन कर आणि सांगून टाक."

"सांगतो."

"कधी?"

"वीणा, तिला काय सांगू? तुझ्या पणजोबाचं तोंड मी स्पिरिटनं पुसलं?"

"हो. हेच सांग."

त्यांनी फोन केला नाही. संध्याकाळी रजिस्टर काढून बसले, आणि शेवटचा रकाना वाचत राहिले. जेवले नाहीत. आजींना सगळा प्रकार अर्धाच कळला होता. त्यांनी आपल्या पिशवीतून पितळेची डबी आणून मुलासमोर ठेवली. "इतलं काय मनाले लावून घेतं? मायाजवळ शेंदूर हाये. लावून टाक पुन्हा, झालं."

आजी भाबडेपणानं बोलल्या होत्या. पण दादांनी त्या डबीकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती मला आवडली नाही.

शनिवारी दुपारी मी चहा करायला खाली आलो तर ते स्वयंपाकघरात एका फळकुटावर काम करत होते. शेंदूर, जवसाचं तेल, थोडी हळद, शेगडीच्या जाळीची काजळी, उकळलेला चहा. वाट्या, ब्रश. फळकुटावर पाच पट्टे ओढलेले होते. शेजारी आकृती पालथी ठेवलेली, पाठीचा लाल थर वर. पाचवा पट्टा त्यांनी कापसानं टिपला, बोटानं रेघांत दाबला, वरून पीठ झाडून पुसलं.

"सांग," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "फरक कळतो?"

मी टॉर्च तिरका धरला, त्यांनीच शिकवल्याप्रमाणे. फरक कळत नव्हता. चार वर्षं त्यांनी खोटं कसं बनतं याचाच अभ्यास केला होता.

"फोनच्या कॅमेऱ्यावर तर नाहीच कळणार," ते म्हणाले. "मामा पाठ बघेल, छाती बघेल, दोन्हीकडे लाल. वस्तू खरी ठरेल. घरी जाईल. कुणाचं काय वाईट होतं यात?"

"प्रयोगशाळेत नेलं तर?"

"तेव्हाचं तेव्हा."

मागून वहिनींचा आवाज आला. त्या दारात उभ्या होत्या. "आमच्याकडे एकानं असाच एक आकडा बरोबर करून ठेवला होता, गुरू. आकडा नंतर खराच निघाला. पण त्या माणसानं केलेली आधीची सगळी कामं आम्हाला पुन्हा तपासावी लागली. नऊ वर्षांची." एवढं बोलून त्या वर गेल्या.

मीही वर गेलो. खालून रात्रीच्या जेवणापर्यंत काही आवाज आला नाही. जेवायच्या वेळी टेबल स्वच्छ होतं आणि आकृतीवर टॉवेल होता. ती काय रंगाची आहे हे विचारायची माझी छाती झाली नाही.

रविवारी हुइया पावणेआठलाच आली. चिखलातून चालत, पायात कुणाचे तरी मोठे गमबूट. आजींनी दार उघडलं. हुइयानं तिच्याकडच्या रीतीनं वाकून त्यांच्या कपाळाला कपाळ टेकवलं आणि आजींनी तिच्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली. दोघींना एकमेकींचा शब्द कळत नव्हता. ओट्याच्या कोपऱ्यात शेंदराची वाटी तशीच होती. तिच्यावर बशी झाकलेली.

स्क्रीनवर मामा दिसले. पांढरे केस, जाड चष्मा, मागे लाकडाच्या फळ्या. तिकडे रात्रीचे नऊ वाजले होते. दादांनी टॉवेल काढला. आकृतीची पाठ कॅमेऱ्याकडे होती. लाल.

मामांनी आमच्याकडे पाहिलंच नाही. आधी ते त्या आकृतीशी बोलले, त्यांच्या भाषेत, बराच वेळ, सावकाश. हुइयानं मान खाली घातली होती. आजींनी आपोआप हात जोडले.

मग ते इंग्रजीत म्हणाले, "उजेडाकडे ने. अजून जवळ. हां." त्यांनी चष्मा काढला, परत घातला. "हुइया, ही कुणा दुकानासाठी कोरलेली नाही." हुइयानं तोंडावर हात ठेवला. "आता त्याचा चेहरा दाखवा."

दादांचे दोन्ही हात आकृतीवर होते. ते हलले नाहीत.

"गुरू," हुइया म्हणाली. "वळव ना."

वहिनी ओट्याकडे, त्या झाकलेल्या वाटीकडे बघत होत्या. मी दादांच्या बोटांकडे. नखांत अजून लाल होतं.

त्यांनी आकृती वळवली.

चेहरा, खांदे, छाती, सगळं फिकट, उघडं लाकूड.

"मी पुसलं," दादा म्हणाले. "गुरुवारी. हुइया, तुला मी शुक्रवारी खोटं सांगितलं. काल परत रंगवायलाही बसलो होतो. रंग जमला होता. ती वाटी तिथे आहे."

हुइया उठली. खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला. ती खिडकीशी जाऊन पाठ करून उभी राहिली.

मामांनी फक्त विचारलं, "का पुसलं?"

दादांनी सांगितलं. त्यांच्या गावी दगडाला, मूर्तीला तेलात कालवलेला असाच लाल रंग लावतात. नावनच्या घरात आधी भारतीय राहत होते. म्हणून वाटलं, हे आमच्यातल्याच कुणीतरी नंतर केलंय, मूळचं नाही. मूळचं बघायला म्हणून काढलं.

"समजा ते तुमच्यातल्याच कुणी लावलेलं असतं," मामा म्हणाले. "तरी पुसलं असतंस?"

दादांनी आकृतीवरचे हात काढून घेतले.

"काय म्हणून रायले ते?" आजींनी वहिनींना विचारलं. वहिनींनी हलक्या आवाजात सांगितलं. "मंग! मी तं म्हटलंच होतं," आजी मोठ्यानं म्हणाल्या. मामांनी ती आजीबाई कोण ते विचारलं. वहिनींनी सांगितलं, पाठ राहिली ती त्यांच्यामुळे. मामांनी आजींना मान लवून नमस्कार केला, आणि आजींनी पदर सारखा केला.

मग दादांनी पिशव्या आणल्या. चौदा, आणि ते चित्र. एक-एक उचलून कॅमेऱ्यासमोर धरत ते सांगत गेले. एक, डावा खांदा. दोन, उजवा खांदा. पाच, जीभ. आवाज लॅबमधला होता, पण नऊ नंबरला तो थांबला. नऊ, कपाळ. हुइया खिडकीपासून वळून बघत होती.

"एकही टाकू नकोस," मामा म्हणाले. "ते त्याचंच आहे. तोही घरी येईल, तेही येईल."

पुढचं सावकाश झालं. नावनच्या घरमालकाचा पत्ता लागला. त्याचे आजोबा जहाजावर इंजिनिअर होते, पेटी माळ्यावर पडून होती, डॉक्टरांचा त्या आकृतीशी काही संबंधच नव्हता. त्यानं घ्या म्हणून लिहून दिलं. मे महिन्यात जाणकारांनी पाठीचा आणि बोळ्यांचा रंग तपासला. लाल माती आणि माशाचं तेल, दोन्हीकडे एकच. पाठीशी ताडून पाहता आलं म्हणून बोळ्यांवर विश्वास ठेवता आला, असं त्यांनी कळवलं. पण निघालेला रंग पुन्हा अंगावर चढत नाही, हेही त्याच पत्रात होतं.

हुइया या सगळ्यात कामापुरतं बोलत होती. लॅबच्या खिडकीशी ट्रे ठेवायची, नळ्यांचे नंबर वाचायची, जायची. दादा घरी येऊन सांगायचे, "आज बावीस नळ्या." बस. एवढंच. शनिवारी ते कुठे जात नव्हते. ऑक्टोबरमध्ये आकृती पोचवायला हुइया न्यूझीलंडला गेली. खोकं विमानाच्या पोटात, आणि चौदा पिशव्या तिच्या हातातल्या बॅगेत.

रजिस्टरमध्ये दोनशे बारावर दादांनी 'ओळख' या रकान्यातली ओळ खोडली. वाचता येईल अशी, एका रेघेनं. खाली लिहिलं, 'माझी चूक.' सही आणि तारीख. वहिनी म्हणाल्या, नोंद नियमानुसार आहे.

डिसेंबरमध्ये मी ते घर सोडायच्या आठवड्यातली गोष्ट. दादा संध्याकाळी आले, बूट न काढताच स्वयंपाकघरात आले. हुइया परत कामावर रुजू झाली होती. तिनं ट्रे ठेवला, नंबर वाचले आणि जाता जाता विचारलं, कसे आहेत माझे खोटे आजोबा?

"मग? तू काय म्हणालास?" वहिनींनी विचारलं.

"म्हटलं, धूळ बसलीय सगळ्यांवर," दादा म्हणाले. "मार्चपासून एकालाही पुसलेलं नाही."